कमळाआईचं पथ्य

आमच्या अंगणात औषध घ्यायला आलेल्या माणसाने जाताना ‘येतो’ म्हणायचं नाही, हात जोडायचे नाहीत आणि मागे वळून बघायचं नाही. पैशाचं तर नावच नको, नारळसुद्धा चालत नाही. कुणी भाबडेपणाने पेढे आणलेच, तर माझे सासरे लडकूबाबा ते बाहेरच्या कठड्यावर ठेवायला लावतात आणि आमच्या कशेळी गावच्या कावळ्यांची चैन होते. हे काविळीचं औषध आहे. बाबांना ते त्यांच्या वडलांकडून मिळालं. रविवारी आणि बुधवारी, सूर्य मागच्या गोडाऊनच्या पत्र्यावर यायच्या आत, उपाशीपोटी घ्यायचं आणि अकरा दिवस मासळी-मटण, तेलकट बंद.

मी वैशाली, या घरची सून. धामणकर नाक्यावरच्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासते. म्हणजे बघा, सासरे अंगणात कावीळ उतरवणार आणि सून नाक्यावर तीच कावीळ मोजणार. एका घरातून दोन दुकानं. मी तापट आहे यावर माझं माहेर आणि सासर यांचं एकमत आहे, पण औषधाच्या बाबतीत मी बारा वर्षं तोंड उघडलं नाही. ते बाबांच्या धाकाने नाही. माझ्या सासूमुळे, कमळाआईमुळे.

औषध द्यायचे बाबा, करायची आई. हे लोकांच्या लक्षातच यायचं नाही. खाडीकाठच्या बांधावरून मूळ खणून आणायची ती, धुवायची ती, पहाटे सहाणेवर ताकात उगाळायची ती. उजव्या हाताचा अंगठा उगाळून उगाळून चपटा झालेला. वाटी भरली की ती मागच्या दाराने सरकवायची आणि बाबा पुढच्या दाराने ती रोग्याच्या हातात द्यायचे. नाव लडकूबाबांचं. मी एकदा चिडून म्हटलं, “आई, सगळं तुम्ही करता आणि कौतुक त्यांचं.” तर म्हणाली, “भाकर थापते मी, पण खाणारा ढेकर देतो तो घराच्या नावानं. त्यात काय गो?”

आता तापट माणसाने खरं बोलायला हवं, म्हणून सांगते. पाण्यात गटार मिसळून होणारी जी कावीळ असते, ती बहुतेकांची विश्रांती घेतली, तेलकट टाळलं की महिना-दीड महिन्यात आपोआप उतरते. पाइप फुटला की कामतघरच्या चाळींतून रिक्षा भरभरून लोक आमच्याकडे यायचे, आणि बरे व्हायचे. बरा झाला तर औषधाचा गुण. बरा नाही झाला, तर बाबा त्याच्याकडे रोखून बघत विचारायचे, “पथ्य मोडलास ना?” आणि अकरा दिवसांत माणसाने काही ना काही खाल्लेलं असायचंच. कुणी भजी, कुणी लग्नातली बिर्याणी. तो मान खाली घालायचा. चाळीस वर्षांत औषध एकदाही हरलं नव्हतं. त्याला हरायची सोयच नव्हती.

गेल्या पौषात एका शनिवारी मी कामावरून आले, तर आई न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून नारळाच्या शेंडीने दंड खाजवत होती. साधं खाजवणं नव्हे, कातडी सोलून काढावी तसं. मी जवळ गेले. उन्हात तिचे डोळे दिसले. हळदीच्या हाताने कुणी पुसावेत तसे पिवळे.

बाबांनीही त्याच संध्याकाळी पाहिलं. ते घाबरले नाहीत, उलट जरा हसले. म्हणाले, “एवढ्या लोकांची उतरवली, आता घरची आली. उद्या रविवारच हाय.” आणि लगेच उठून त्यांनी घरचं पथ्य लावलं. आमच्याकडे घरातला माणूस औषध घेणार असेल तर सगळ्या घराला मासळी बंद. सुकटीची बरणी माळ्याच्या खुंटीवर चढते. बाबांनी बरणीच्या तोंडाला फडकं लावलं, वरून दोरी आवळली आणि गाठ मारली. जमिनी गोडाऊनला जायच्या आधी बाबा खाडीत जाळी लावायचे. त्यांची ती जाळ्याची गाठ खाडीच्या ओढीनेही सुटायची नाही, आणि त्यांच्याशिवाय कुणाला मारताही यायची नाही. तोंडाने बरणीला सांगितल्यासारखं म्हणाले, “अकरा दिस ऱ्हा वर.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने स्वतःचंच औषध स्वतः उगाळलं. बाहेरच्या चार जणांचं आधी, स्वतःचं शेवटी.

मला चैन पडेना. त्या साध्या काविळीत ताप येतो, मळमळतं, माणूस अंथरूण धरतं. आईला ताप नव्हता. तिची खाज भयंकर होती आणि शौचाला पांढुरकं, भिजवलेल्या मातीसारखं होत होतं, हे तिने फक्त मला सांगितलं. मग एकेक गोष्ट मला आठवायला लागली, आणि आठवली तसा माझाच राग यायला लागला. दिवाळीत तिला अचानक साखर निघाली होती. मी काय केलं, तर लाडू कमी खा म्हणून दम दिला. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी म्हटलं, आई, बारीक झालात, छान दिसता. पाठ दुखते म्हणून ती उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायची. मी मलम आणून दिलं. रोज पन्नास माणसांचं रक्त तपासणारी मी, आणि घरातलं माणूस माझ्यासमोर झिजत होतं.

औषध चालू असताना अंगाला सुई लावायची नाही, हा बाबांचा नियम. सुईने औषधाचं पाणी होतं म्हणे. तरी दहाव्या दिवशी रात्री मी सुई घेऊन आईजवळ बसले. मला वाटलं नाही म्हणेल. तिने मुकाट्याने हात पुढे केला. “घे. पण यांना सांगू नको.”

रिपोर्ट पाहून लॅबमधल्या डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या. कावीळ चौदावर गेली होती, ती एकच्या आत हवी. त्यांनी मला आकड्यावर बोट ठेवून दाखवलं, “वैशाली, लिव्हर पित्त तयार करतंय, पण ते खाली उतरत नाहीये. वाटेत कुठेतरी अडलंय. खडा असेल, गाठ असेल. पोटात न दुखता एवढी कावीळ या वयात आली की मला गाठीचीच भीती जास्त वाटते. सोनोग्राफी आजच्या आज.”

मी शेअर रिक्षाने कशेळीला आले. सगळी वाट मी मनात भांडत आले, बाबांशी, नवऱ्याशी म्हणजे मनोजशी, सगळ्यांशी. पर्समध्ये रिपोर्ट. तो बुधवार होता, अकरावा दिवस. अंगणात बाबा आईसमोर उभे होते, आणि शेजारची भावनाकाकी दारात. गावातल्या बातम्या हिच्या दारावरून पुढे जातात. बाबा आईच्या पापण्या खाली ओढून बघत होते. पिवळेपणा उतरला नव्हता, उलट हिरवट झाला होता.

बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रागावलेला होता, पण त्या रागाच्या मागे भीती होती. ते म्हणाले, “पथ्य कुणी मोडलं?”

मी पर्स उघडली. म्हटलं, “बाबा, पथ्याचं सोडा. मी आईंचं...”

“मी खाल्ली सुकट,” आई म्हणाली.

आई खाली बघत म्हणाली, “ऱ्हावलं न्हाय. परवा दुपारी कुणी नव्हतं तवा बरणी काढली. मूठभर भाजून खाल्ली.”

मला तुम्हाला सांगता येणार नाही, बाबांच्या चेहऱ्यावर काय झालं ते. माणूस पाण्यातून वर येऊन श्वास घेतो तसं झालं. औषध हरलं नव्हतं. बायको वाचणार होती. ते तिच्यावर ओरडले, पण ओरडण्यात जोर नव्हता, आनंदच होता. “एवढी जीभ लांब झाली तुझी? आता येत्या रविवारी पुन्हा पैल्यापासनं. अकरा दिस.” भावनाकाकी हळहळली आणि बातमी घेऊन गेली.

मी मागे हटले नाही. रिपोर्ट बाबांच्या हातात दिला, काय अडलंय ते सांगितलं, सोनोग्राफी आजच करायची म्हटलं. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. “म्हंजे सुई पण लावली? वर सुकट, खाली सुई. मग कसं लागल औषध?” मी आवाज चढवला. मनोज कामावरून आला तेव्हा त्याच्यावरही चढवला. तो गोडाऊनला दोनशे माणसं हाकतो आणि बापासमोर त्याची मान वर होत नाही. तो म्हणाला, “आई म्हणेल तसं करू.”

आणि आईनेच नाही म्हटलं. मला आत बोलावून तिने माझा हात धरला. “अकरा दिस. बाराव्या दिशी तू नेशील तिथं येईन. शब्द.” मी म्हटलं, “आई, ही गाठ असली तर?” ती म्हणाली, “असली तर अकरा दिसांत कुटं पळून जाते?” मी रडले, भांडले, दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही. माणूस स्वतः येत नाही म्हटल्यावर त्याला उचलून कसं न्यायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

आठवा दिवस रविवार होता. पहाटे सहाणेवर बसलेल्या आईचा हात थांबला. मी चुलीपाशी होते. आधी सहाण खडखडली, मग वाटी. तिला थंडी भरली होती, दात वाजत होते. उन्हं वर आली तरी उतरेना. ताप एकशे तीनच्या वर. दहा वाजता ती मला म्हणाली, “आये, होडी लागली का?” तिची आई जाऊन तीस वर्षं झाली होती.

या वेळी मी कुणाला विचारलं नाही. मनोजला म्हटलं गाडी काढ, आणि त्याने काढली. बाबा काही न बोलता मागच्या सीटवर बसले, आईचं डोकं मांडीवर घेऊन. ठाण्याला जायचं म्हणजे पूल ओलांडायचा, आणि पुलाच्या तोंडाला कंटेनर अडकलेला. पुढे ट्रक, मागे टेम्पो, मुंगी सरकेना. रविवारसुद्धा गोडाऊनला सुट्टी नसते. आईचा श्वास भराभर चालला होता. मी नाडी मोजत होते आणि प्रत्येक वेळी आकडा वाढत होता.

बाबा अचानक दार उघडून खाली उतरले. आईचं डोकं माझ्या मांडीवर आलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कमरेला टॉवेल, अनवाणी, ट्रकच्या दारांवर थापा मारत पळत होता. “भाई, थोडा साईड दे. मेरी औरत हाय अंदर. थोडा साईड.” आयुष्यभर ज्याने कुणाकडून नारळ घेतला नाही, तो ड्रायव्हरांपुढे हात जोडत होता. एकेक ट्रक वीतभर सरकला. त्या वीतभर वाटेने मनोजने गाडी काढली. पूल संपेपर्यंत बाबा गाडीच्या पुढे धावत होते.

हॉस्पिटलमध्ये तिला लगेच आत घेतलं. तुंबलेल्या पित्तात जंतू झाले होते आणि ते रक्तात पसरले होते. त्याच दिवशी तोंडातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी पित्ताच्या वाटेत एक बारीक नळी बसवली. ताप उतरायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस आम्हाला एवढंच ठाऊक होतं, ती आहे किंवा नाही. मग सीटी स्कॅन झाला, सुईने गाठीचा तुकडा काढला, तपासणीला गेला.

पोटाचे डॉक्टर चाळिशीचे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी आम्हा तिघांना बसवलं आणि कागदावर चित्र काढलं. वर लिव्हर, त्यातून उतरणारी नळी, खाली आतडं, आणि नळीला मिठी मारून बसलेलं स्वादुपिंड. “गाठ इथे आहे,” ते म्हणाले. “हे इंद्रिय जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असतं. बाहेरून हाताला लागत नाही, सुरुवातीला दुखत नाही. पोटातल्या बऱ्याच गाठींचं असंच असतं, आत जागा भरपूर, आवाज कमी. वाढून कुणाची तरी वाट अडवली की मग कळतं.”

बाबांनी त्या नळीवर बोट ठेवलं. “ही आमच्या खारबांधाची उघाडी हाय.”

डॉक्टरांना समजलं नाही. मनोजने सांगितलं की भातशेताच्या बांधाला पाणी सोडायला एक तोंड ठेवलेलं असतं, ती उघाडी.

“उघाडी बुजली,” बाबा म्हणाले, “की पाणी शेतात चढतं. शेत पिवळं पडतं. मग शेताला कितीबी औषध मारा.” त्यांनी बोट उचललं. “मी शेताला औषध मारीत बसलो.”

डॉक्टर म्हणाले, “नळी घातलीय, त्यामुळे उघाडी उघडलीय म्हणा. कावीळ उतरेल. पण गाठ तिथेच आहे, आणि तिच्या बिया लिव्हरमध्ये पडल्यात. पाच-सहा डाग दिसतात. म्हणून ऑपरेशन करून उपयोग नाही. एक काढली तरी बाकीच्या राहतात. चौथी पायरी म्हणतात ती ही. बरं करता येणार नाही. त्रास कमी करता येईल. अंगात ताकद आली तर केमो देऊन थोडे महिने वाढवता येतील.”

“किती?” मनोजने विचारलं.

“काही महिने. वर्ष म्हणायला मी धजणार नाही.”

बाबांनी विचारलं, “मी वीस दिस घालवले. त्या वीस दिसांत वाचली असती?”

खरं सांगायचं तर मला ‘हो’ ऐकायचं होतं. एवढी मी दुष्ट आहे. डॉक्टर म्हणाले, “नाही. लिव्हरमधले डाग वीस दिवसांत येत नाहीत. तेव्हाही ऑपरेशन झालं नसतं. पण ताप आला नसता, खाज वीस दिवस आधी थांबली असती. आणि त्या रविवारी पुलावर अर्धा तास जास्त गेला असता, तर आपण हे बोलत बसलो नसतो.”

आईला सांगायचं की नाही, यावर मनोज म्हणाला नको, ती खचेल. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? आई उशीला टेकून बसली होती, डोळ्यांतला पिवळेपणा उतरत आलेला. म्हणाली, “सगळं सांगा. मी जलमभर पिवळी माणसं बघितलीत.” त्यांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. खाज परत येईल का, आणि मासळी खाता येईल का.

“खा,” डॉक्टर म्हणाले. “थोडं थोडं, पचेल तेवढं. पचनाच्या गोळ्या देतो जेवणाबरोबर.”

त्या दुपारी मी तिचे केस विंचरत होते. मी म्हटलं, “सुकट खाल्ली नसतीत तर निदान बाबा अकराव्या दिवशी हरले असते. तेव्हाच आणलं असतं तुम्हाला.” हे बोलायची गरज नव्हती, पण माझी जीभ अशीच आहे.

आई म्हणाली, “मी कुटं खाल्ली.”

माझा हात थांबला.

“त्या दिशी तू यांच्यासमोर सुईचं सांगणार व्हतीस. यांनी तुझ्या नावानं बोंब मारली असती, आनी गावानं जलमभर म्हटलं असतं, सुनेनं सासूचं औषध बाटवलं. आनी यांचं तोंड तू बघितलंस का गो? मी बघितलं. औषध हरलं असतं तर तिथंच खाली बसले असते. चाळीस वरसं मीच उगाळलं ना ते? मना सोसवलं न्हाय.” मग म्हणाली, “सांगू नको कुणाला. शब्द दे.”

मी शब्द दिला. शब्द द्यायच्या बाबतीत या घरात सगळेच शहाणे.

आई घरी आली आणि बघायला येणाऱ्या बायकांची रीघ लागली. प्रत्येक बाई येताना मोसंबी आणि एकच वाक्य घेऊन यायची. भावनाकाकीने ते आधीच घरोघर पोचवलं होतं. “कमळाबाय, तोंड आवरलं असतं तर आज ही पाळी आली असती का?” एक तर आपल्या सुनेला समोर बसवून म्हणाली, “बघून ठेव, पथ्य मोडलं की काय होतं.” आई हसून मान हलवायची. बाबा ओटीवर बसून हे ऐकायचे. त्यांना आता गाठीचं कळलं होतं, औषध इथे चालणारच नव्हतं हेही कळलं होतं. पण सुकट खाल्ली हे त्यांना खरंच वाटत होतं, आणि त्या एका खोट्याच्या आडोशाला ते बसले होते. मी आत भांडी आपटायचे. माझ्या हातून त्या आठवड्यात दोन काचेचे पेले फुटले. मरणाच्या दारातल्या बाईला हे गाव हावरट म्हणत होतं, तेही तिने न खाल्लेल्या मूठभर सुकटीसाठी, आणि माझं तोंड तिनेच शिवलं होतं.

मग रविवार आला. आई घरी आल्यानंतरचा पहिला. औषध बंद आहे असं कुणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे अंगणात उजाडताच सहा-सात माणसं होती. कामतघरचा राघो नावाचा एक माणूस होता, पन्नाशीचा, कापडाच्या लूमवर ड्युटी करणारा, शर्ट खांद्यावरून ओघळलेला, डोळे पिवळेजर्द. भावनाकाकी भाचीला घेऊन आलेली. बाबा दारात उभे राहून सगळ्यांकडे बघत होते. मागे सहाण कोरडी होती.

आतून आईने हाक मारली. तिला पहिल्यांदाच भूक लागली होती. “सुकट भाजून द्याल का कुणी?”

मी उठत होते, पण बाबा म्हणाले, “मी देतो.” त्यांनी शिडी लावली. माळ्याच्या खुंटीवरून बरणी काढली, ओटीवर उजेडात आणली आणि गाठ सोडायला बोटं लावली. बोटं तिथेच राहिली.

मीही पाहिलं. मी इतके दिवस वर मान करून पाहिलं नव्हतं, त्यांनीही नाही. फडक्यावर महिनाभराची धूळ बसली होती. दोरी जशी आवळली होती तशी. आणि गाठ त्यांचीच, जाळ्याची, दोन्ही टोकं त्यांच्या सवयीप्रमाणे आत खोचलेली. ही गाठ कुणी सोडली असती तर पुन्हा तशी मारू शकलं नसतं. आईला तर साधी गाठसुद्धा धड मारता यायची नाही. तिच्या परकराच्या नाडीवरून बाबा जन्मभर तिची थट्टा करायचे.

त्यांनी बरणी फिरवून गाठ चारही बाजूंनी पाहिली. माझा शब्द मी मोडला नाही, हे मात्र नोंदवून ठेवा.

बाहेर भावनाकाकी भाचीला समजावत होती, “पथ्य नीट पाळ हां. आमच्या कमळाबायसारखं...”

बाबा बरणी घेऊन तसेच अंगणात गेले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “भावना, ही गाठ बघ. कुणाची हाय?”

“तुमची, दादा.”

“मी मारली, औषध सुरू केलं त्याच्या आदल्या दिशी. आज सोडतोय.” त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी बरणी धरली. “हिनं पथ्य मोडलं नव्हतं. एक दाणा खाल्ला न्हाय. सगळं पाळलं, आनी औषध चाललं न्हाय. हे ज्याला त्याला सांग. जसं ते सांगितलंस तसं.”

बाबा राघोसमोर गेले. नेहमीसारखी त्याची पापणी खाली ओढली. पण पुढे जे विचारलं ते चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

“खाज सुटते?”

“हो, बाबा. झोपू देत नाही.”

“परसाकडला पांढरं होतं? बारीक झालास? पाठ भरून येते?”

राघो गोंधळून एकेका प्रश्नाला मान हलवत गेला. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. “वैशाली, याचं रक्त घे. आनी आजच पोटाचा फोटो. तू सोबत जा, मनोज गाडी काढल.” मग बाकीच्यांना म्हणाले, “तुमी पण हिच्याकडनं आधी रक्त तपासून घ्या. उघाडी बुजलेली असली तर माझ्याकडं काय न्हाय.”

राघो सवयीने हात जोडायला गेला आणि नियम आठवून थांबला. बाबा म्हणाले, “जोड रे. आता चालतं.”

मी सुई आणि दंडाला बांधायचं रबर घ्यायला आत आले, तेव्हा बाबा चुलीपुढे उकिडवे बसून तव्यावर सुकट भाजत होते. आयुष्यात पहिल्यांदा. निम्मी करपली होती. ती ताटलीत घेऊन ते आईच्या खाटेजवळ गेले.

आईने सगळं ऐकलं होतं. भिंत एकच तर होती. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलेलीही होती, दोन्ही एकदम. “एवढं एक खोटं बोलले जलमात,” ती म्हणाली, “तेबी ठेवलं न्हाय तुमी.”

“न्हाय ठेवलं,” बाबा म्हणाले. त्यांनी चिमूटभर सुकट भाकरीच्या तुकड्यात धरून तिच्या तोंडापाशी नेली. “खा. आता खरोखर खा.”